दोन मिलिमीटर

आईच्या पाईपचं दुसरं टोक माझं होतं. मी आठ वर्षांची असल्यापासून माझं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून तुम्ही म्हणाल, "अगं, एवढंसं तर होतं!" एवढंसं नव्हतं.

माझी आई फरशा बसवते. न्हाणीघरं, स्वयंपाकघरं, दुकानं, जिने. लेव्हल घ्यायला तिच्याकडे वीस मीटरचा पारदर्शक पाईप आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना वीतभर काचेच्या नळ्या बसवलेल्या आहेत. पाईपात पाणी भरायचं, कुठे बुडबुडा अडकला नाही ना ते बघायचं आणि दोघींनी एकेक टोक धरून लांब जायचं. मग मधे खांब येऊ दे, भिंत येऊ दे, जिना येऊ दे, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं. हल्ली सगळ्यांकडे लाल रेघ मारणारं लेझरचं यंत्र असतं. आई त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. "उजेडाला कोपरा वळता येत नाही, पाण्याला येतो," असं म्हणते आणि पाईप खांद्यावर टाकते.

चालताना टोकावर अंगठा दाबून धरायचा, नाहीतर पाणी सांडतं. जागेवर पोचलं की अंगठा काढायचा आणि ओरडायचं, "सोडलं!" मग पाणी नळीत वरखाली झोके घेतं, चार-पाच वेळा, आणि दमून थांबतं. आई तिच्या टोकाचं पाणी पक्क्या खुणेशी जुळवते आणि ओरडते, "आलं!" की इकडे मी पेन्सिलीने रेघ मारायची. सोडलं, आलं, सोडलं, आलं. आम्ही दोघी अशा ओरडत असलो की बाकीचे कामगार हसायचे. हसू देत. त्या हाकांमधे दुसरं कुणी नव्हतं.

आणि मग मनी आली.

मनी म्हणजे माझी मामेबहीण, माझ्याहून पाच महिन्यांनी मोठी. मांजरीसारखी आवाज न करता चालते म्हणून मनी. मला घरी टकळी म्हणतात, का ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मामा-मामीची दूर बदली झाली आणि तिकडे घर मिळेपर्यंत मनी आमच्याकडे राहणार असं ठरलं. मी खूश होते, शप्पथ. माझ्या कपाटाचा खालचा कप्पा मी स्वतः रिकामा करून दिला.

पहिल्या चार दिवसांतच माझ्या पोटात दुखायला लागलं. तिने चहा ओतला. बस, एवढंच. आमच्या किटलीची चोच अशी आहे की सावकाश ओतलं तर चहा कपात न पडता चोचीला चिकटून खालून ओघळतो आणि टेबलावर सांडतो. पातळ पदार्थांना अशी चिकटायची खोड असते, झटकन ओतलं तर ते सुटतात, हे मी घरच्यांना साधारण बारा वेळा समजावून सांगितलंय. आणि बारा वेळा सांडलंय. मनीने काही न बोलता किटली उचलली, मनगट एकदा वळवलं आणि चार कप भरले.

"एक थेंब नाही सांडला!" बाबा म्हणाले. "टकळे, बघ जरा."

"मी सांगितलं तसंच केलंय तिने," मी म्हटलं.

"हो, पण तिने केलंय," बाबा म्हणाले आणि सगळे हसले. मनी हसली नाही. हसली असती तर मला तिचा राग तरी करता आला असता.

हे वर्ष माझं होतं, हे लक्षात घ्या. गेल्या वर्षापर्यंत मी शाळेत मागच्या बाकावर बसून वहीत डोकं घालायची. घरी टकळी आणि वर्गात मुकी. यंदा विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, तळाजवळच्या भोकातून पाणी सगळ्यात जोरात का उडतं, कुणी सांगेल का? आणि मला काय झालं कोण जाणे, मी उठले. तीन भोकांची बाटली, वरच्या पाण्याचा भार, तळाशी जास्त दाब, सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात बाईंनी मला काचेच्या नळीतल्या पाण्याबद्दल बोलायला लावलं. पाणी काचेला कडेकडेने चढतं, म्हणून वरचा पृष्ठभाग वाटीसारखा दिसतो, आणि मोजताना नेहमी त्या वाटीचा तळ वाचायचा, कड नाही. अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझी मान अशी ताठ झाली की दोन दिवस खालीच येईना.

हे मी का सांगतेय? कारण मला ते माहीत होतं. माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच सुमाराला आईला तलावाचं काम मिळालं. मोठा पोहण्याचा नव्हे. ज्यांचे गुडघे, कंबर धरलेली असते अशा माणसांनी कोमट पाण्यात उभं राहून व्यायाम करायचा, त्यासाठी एका हॉलमधे बांधलेला लहानसा तलाव. आईने पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर, वर कुणी मुकादम नसताना घेतलेलं काम. आणि काम अवघड. तलावाचं पाणी चारही कडांवरून अगदी पातळ पदर होऊन बाहेरच्या नालीत पडायला हवं होतं, एकसारखं. म्हणजे चारही कडा तंतोतंत एका पातळीत. कुठे केसभर वर-खाली झालं तर पाणी सगळ्यांसमोर सांगून मोकळं होणार.

"इथे माझी परीक्षा आहे बरं का," आई जेवताना म्हणाली. "ही कड जमली तर यापुढे लोक मला विचारायला येतील. नाही जमली तर मी आहे आणि न्हाणीघरं आहेत."

पहिल्या रविवारी दोन बाजूंच्या खुणा आईने आणि मी घेतल्या. एक लांब, एक आखूड. सोडलं, आलं, सोडलं, आलं. हॉल रिकामा होता, प्रत्येक हाक दोनदा ऐकू यायची. मी सुखात होते.

दुसऱ्या रविवारी सकाळी मला शाळेत जावं लागलं, विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीला. तासाभरात येते म्हटलं आणि गप्पांत अडीच तास लावले. पोचले तर मनी खुणा करायच्या लाकडी पट्टीजवळ गुडघ्यावर बसली होती आणि तिच्या हातात माझं टोक होतं.

"आलीस? बरं झालं," आई तलावाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून म्हणाली. "आत्ताच सुरू करतोय. हिला दाखव गं कसं धरायचं ते."

"मी धरते ना. मी आलेय आता."

"राहू दे. तुझी तयारी आहे ना, तू वही काढून बस तिथे. हिचा हात बघ कसा स्थिर आहे. पाणी लगेच शांत होतं."

लगेच शांत होतं! म्हणजे माझ्या हातात सहा वर्षं ते काय नाचत होतं? अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी जाऊन मनीच्या शेजारी उकिडवी बसले. अंगठा कसा धरायचा, कधी सोडायचा, टोक पट्टीला कसं टेकवायचं, सगळं दाखवलं. चोख दाखवलं.

मनीने नळी डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच विचारलं, "इथे पाणी काचेला चढल्यासारखं दिसतंय. दोन रेघा दिसतात. खूण कुठे करू? खाली की वर?"

वर्गातल्या कुणीही विचारला नव्हता इतका चांगला प्रश्न. मला शिकावा लागला होता तो, आणि हिला नुसता दिसला.

"वर," मी म्हटलं. "वरच्या कडेला."

"नक्की?"

"अगं, मी सहा वर्षं करतेय!"

"बरं," मनी म्हणाली आणि आईकडे बघून आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडली, "सोडलं!"

माझा शब्द. मी उलट्या बादलीवर वही मांडीत घेऊन बसले आणि उरलेल्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या खुणा होईपर्यंत बसून राहिले. प्रत्येक खुणेला मला तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं. मला वाटत होतं, आई एखादी खूण तपासेल, हसेल आणि म्हणेल, ये गं टकळे, तूच धर. पण आईने काही तपासलं नाही. का तपासेल? दाखवलं मी होतं.

पुढचे बारा दिवस आई त्या खुणांना दोरी ताणून कडेच्या फरशा बसवत होती. माझी आणि मनीची बाजू मिळते त्या कोपऱ्याची फरशी तिला जरा अडली. "इथे खालचा सिमेंटचा मसाला जाड लागलाय वाटतं," ती म्हणाली आणि ठोकून नीट केलं. मी तिथेच उभी होते, तिला पाण्याचा तांब्या देत.

तलाव भरायचा दिवस आला तो शनिवार होता, दुपारची वेळ. हॉलच्या व्यवस्थापक बाई आल्या, त्यांच्या दोन मैत्रिणी आल्या, पंपवाले काका हातात भलामोठा पाना घेऊन उभे राहिले. आईने धुतलेली साडी नेसली होती आणि केसांना तेल लावलं होतं. कामावर ती असं कधीच करत नाही.

पाणी चढत चढत कडेला आलं. काकांनी वेग कमी केला. आता पाणी कडेच्या वर होतं तरी सांडत नव्हतं, नुसतं फुगून उभं होतं, ताणलेल्या कातडीसारखं.

"अरे वा, हे पडत का नाही?" बाई म्हणाल्या.

"पाण्याच्या वरच्या थराला ताण असतो," माझं तोंड आपोआप सुरू झालं. "तो दोन-तीन मिलिमीटरपर्यंत धरून ठेवतो, मग..."

मग पडलं. माझ्या लांब बाजूवरून आधी एक थेंब, मग एक दोरा, मग एकदम सगळं, काचेच्या पडद्यासारखं. लगेच माझी आखूड बाजू. इतकं सुंदर की बाईंच्या मैत्रिणी "आहाहा" म्हणाल्या. आणि मनीच्या दोन बाजू कोरड्या. पाणी तिथे कडेशी येऊन थांबलेलं, पलीकडे एक थेंब नाही.

"थांबा, येईल," काका म्हणाले. आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला खरं सांगायचं तर पहिलं मिनिट, फक्त पहिलं, मी आनंदात होते. बघा माझ्या बाजू! सगळ्यांना दिसत होतं कुणाचा हात चांगला. मग मी आईकडे पाहिलं. ती बाईंकडे बघत नव्हती, आमच्याकडेही नाही. एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट धरून उभी होती, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखी.

"असंच असतं का हे?" बाईंनी सभ्यपणे विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "असं नसतं."

तिने पंप बंद करायला लावला, मोजपट्टी आणली आणि कोरड्या बाजूने रांगत रांगत मोजायला लागली. एका जागी, दुसऱ्या जागी, दहाव्या जागी. मग उठून बसली.

"दोन," ती म्हणाली. "सगळीकडे कड दोनच मिलिमीटर जास्त उंच."

"दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही हो," पंपवाले काका म्हणाले.

"काका, हात चुकला तर आकडे नाचतात. कुठे एक, कुठे चार. इथे सगळे सारखे आहेत." तिने मनीकडे पाहिलं. "मने, तू पाणी कुठे वाचत होतीस?"

"माझं चुकलं, आत्या."

"चुकलं ते दिसतंय. कुठे वाचत होतीस?"

"वरच्या कडेला."

"कुणी सांगितलं तसं?"

मनीने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मलाच वाटलं," ती म्हणाली.

मलाच वाटलं! आता तुम्ही म्हणाल की मला पश्चात्ताप झाला, डोळे भरून आले वगैरे. ते नंतर. आधी मला इतका संताप आला की कानशिलं तापली. म्हणजे आता चांगलीसुद्धा हीच होणार? पाणी शांत हिच्या हातात, चहा सांडत नाही हिच्या हातून, आणि माझा खोटेपणासुद्धा हिनेच अंगावर घ्यायचा? मला काही ठेवायचंच नाही का हिने?

"मी सांगितलं!" मी ओरडले. हॉलने ते परत एकदा ओरडून सगळ्यांना ऐकवलं.

आई वळली. "काय?"

"तिने विचारलं होतं, खाली की वर. मी वर सांगितलं."

आईने मोजपट्टी खाली ठेवली. "विसरलीस?"

हो म्हणायला जागा होती. आईनेच करून दिली होती. पण याच विषयावर मी वर्गात टाळ्या घेतल्या होत्या आणि ते घरी तीन दिवस रंगवून सांगितलं होतं, सगळ्यात जास्त आईलाच.

"नाही," मी म्हटलं. "मुद्दाम."

आई मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाईंकडे गेली आणि म्हणाली, "माझी लेव्हल चुकली. दोन बाजू काढून परत करून देते. पुढच्या शनिवारी परत या." माझी, म्हणाली. मग माझ्याजवळून जाताना, न थांबता, "छिन्नी आण."

त्या आठवड्यात शाळेनंतर रोज मी आणि मनी फरशा काढत होतो. फरशी न फोडता काढायची म्हणजे खालच्या मसाल्यात तिरकी छिन्नी घालून टकटक करत राहायचं. माझी दर तिसरी फरशी फुटायची. मनीची? विचारू नका.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. "तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेऊन काय झालं असतं?"

"असं मोठ्या बाईसारखं बोलू नकोस हां. सांग ना."

मनी फरशीच्या पाठीवरचा मसाला खरवडत राहिली. "मला तेव्हाच शंका आली होती," ती म्हणाली. "आत्या खालची रेघ वाचते असं वाटत होतं. लांबून नीट दिसलं नाही."

"मग विचारायचं ना तिला!"

"तू सांगितलं होतंस." तिने खांदे उडवले. "पाण्याचं तू सांगतेस ते सगळं खरंच निघतं. चहाचंसुद्धा."

मी छिन्नी उचलली. पुढची फरशी मी न फोडता काढली, पण कुणी बघितलं नाही.

नव्या खुणा आईने मनीबरोबरच घेतल्या. मी मसाला कालवला. शनिवारी पाणी चारही बाजूंनी एकदम पडलं, इतकं सारखं की ते पडतंय हे फक्त आवाजावरून कळत होतं. बाईंनी आईचा हात दोन्ही हातांत धरला. पंपवाल्या काकांनी तर पाना खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. बाईंच्या एका मैत्रिणीने तिथल्या तिथे विचारलं, आमच्या इमारतीची गच्ची करून द्याल का? पाणी साचतं हो तिथे, उताराचं कुणालाच जमत नाहीये.

आई घरी येताना रस्ताभर गुणगुणत होती. मी संधी साधली.

"गच्चीचं काम कधीपासून?"

"परवापासून. सुट्टीच आहे ना तुम्हाला. मनी येईल."

"आणि मी?"

"तू नाही."

"आई! मी कबूल केलं ना!"

"केलंस. म्हणून तर तुझ्याशी बोलतेय." ती थांबली आणि माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, त्यामुळे तर जास्तच रडू आलं. "हे बघ, तिकडच्या टोकाला काय चाललंय ते मला दिसत नाही. तिथून जे ओरडून सांगतात त्यावर मी फरशी लावते. सध्या मला तुझं ऐकून लावता येणार नाही. पुढे बघू."

सोमवारी सकाळी सहाला दोघी निघाल्या. मी दार धरून उभी होते, डोळे सुजलेले, केस पिंजारलेले. मनी बुटाची नाडी बांधत होती. आणि मला आठवलं. गच्ची म्हणजे ऊन. पाईपचं एक टोक उन्हात आणि दुसरं सावलीत राहिलं तर तापलेल्या टोकाचं पाणी हलकं होतं आणि थंड टोकापेक्षा चढून उभं राहतं. चांगलं पाच-सहा मिलिमीटरसुद्धा. आई कामात गुंतली की तिच्या ध्यानात राहत नाही. उन्हाकडे लक्ष ठेवणं हे माझं काम होतं. ते कुणी कधी ठरवलं नव्हतं, मीच ठेवायची.

नसतं सांगितलं तर खोटंही बोलले नसते मी. आणि गच्चीवर पाणी साचलं असतं. दोन दिवसांत आईने म्हटलं असतं, टकळी असती तर. मी हे सगळं उभ्या उभ्या मोजलं. मनीने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.

"ऐक," मी म्हटलं. "पाईप सगळा सावलीत ठेवायचा, नाहीतर सगळा उन्हात. अर्धा-अर्धा नाही. तापलेलं पाणी चढतं, लेव्हल खोटी येते."

मनीने मान वर केली. "नक्की?"

त्या दिवशी पट्टीजवळ तिने हाच शब्द विचारला होता, पण तेव्हा माझं उत्तर तिने लगेच मानलं होतं. आता ती माझ्या तोंडाकडे बघत होती, नळीकडे बघितलं होतं तसं, पाणी थांबायची वाट बघत.

"आईला विचार," मी म्हटलं.

तिने खरंच विचारलं. तिथेच, माझ्यासमोर. "आत्या, पाईप अर्धा उन्हात ठेवायचा नाही का?"

"नाही गं बाई!" आई पिशवीत थापी कोंबता कोंबता म्हणाली. "बरं झालं आठवण केलीस. हुशार आहेस."

मी दाराची कडी घट्ट धरली.

"मी नाही," मनी म्हणाली. "हिने सांगितलं."

आईने माझ्याकडे पाहिलं. "हं," म्हणाली. तेवढंच. पाईपचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि दोघी जिना उतरल्या, आईच्या चपला वाजत आणि मनी नेहमीसारखी बिनआवाजी.

मी खिडकीत जाऊन उभी राहिले. रस्त्याच्या वळणावर वेटोळं सुटून एक टोक खाली लोंबायला लागलं. आईने न बघता ते मागे दिलं आणि मनीने धरलं. मी इतकी जळले, इतकी, की दोघी दिसेनाशा झाल्या तरी मी त्या वळणाकडे डोळे फाडून बघत होते. मग बाबा म्हणाले, चहा कोण ओतणार, आणि मी गेले.